'डेकेडन्स', 'ऱ्हास' आणि मोजमापाचा प्रश्न

इंग्रजीतील 'डेकेडन्स' ही संज्ञा मराठी समीक्षेत बहुतेक वेळा 'ऱ्हास' या शब्दाने उतरवली जाते. 'अवनती', 'अपकर्ष', 'अधःपतन' हे पर्याय अधूनमधून योजले जातात; पण रूढ झाला आहे तो 'ऱ्हास'च. ऱ्हासकाल, ऱ्हासकालीन काव्य, ऱ्हासशील प्रवृत्ती अशी त्याची सामासिक प्रजाही आता मोठी आहे. शब्द सोयीचा आहे, आणि अडचण नेमकी या सोयीतच आहे. 'डिके' आणि 'डिक्लाइन' या दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांसाठीही मराठी समीक्षक हाच शब्द वापरतो. परिणामी एखाद्या काळात काय घडले याविषयीचे विधान आणि एखाद्या शैलीचे स्वरूप काय आहे याविषयीचे विधान, या दोहोंतील सीमा पुसली जाते. शैलीचे वर्णन इतिहासाच्या निकालासारखे वाचले जाते, आणि समीक्षकाची नैतिक नापसंती तर पुष्कळदा शैलीच्या वर्णनाचाच वेश घेऊन येते. हा केवळ परिभाषेचा किरकोळ घोळ नाही. उत्तर पेशवाईतील शाहिरी रचना मराठी साहित्येतिहासात कशी वाचली गेली, हा प्रश्न या घोळाशी थेट निगडित आहे.

'डिके' आणि 'डेकेडन्स' हे दोन्ही शब्द 'पडणे' या अर्थाच्या 'कादेरे' या लॅटिन धातूपासून आलेले. पहिला जुन्या फ्रेंचमधून लवकर आला आणि घरातलाच झाला. दुसरा मध्ययुगीन लॅटिन व फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या मध्याला आला आणि बराच काळ विद्वानांचाच राहिला. दोहोंच्या व्याकरणातील एक फरक अर्थदृष्ट्या महत्त्वाचा आहे. 'डिके' हे नामही आहे आणि क्रियापदही. दात किडतो, लाकूड कुजते, भिंत ढासळते. क्रियापद आले की कर्ता सांगावा लागतो, काळ सांगावा लागतो, आणि विधान खरे की खोटे हे पाहता येते. भौतिकीने हाच शब्द किरणोत्सारी मूलद्रव्यांसाठी घेतला, तेव्हा तो इतका निर्विकार झाला की क्षयाचा वेग अर्धायुष्याच्या आकड्यात सांगता येऊ लागला. रेडियम क्षय पावते म्हणून त्याला कोणी दूषण देत नाही. 'डेकेडन्स'ला मात्र रूढ क्रियापदच नाही. त्यामुळे कशाचे, कुठून, किती आणि कोणाच्या लेखी पतन झाले, या प्रश्नांची उत्तरे न देताही तो शब्द वाक्यात सुखाने नांदू शकतो.

पडण्याचा हा धातू मुळात निंदेचा नाही. संगीतातील 'केडन्स' त्याच कुळातला. तेथे स्वरांचे उतरणे म्हणजे वाक्यांशाची पूर्तता. लॅटिन व्याकरणात विभक्तीला 'कासुस' म्हणजे 'पतन' म्हणत. प्रथमा सरळ उभी, बाकीच्या विभक्ती कललेल्या, अशी ती कल्पना. पण षष्ठी ही प्रथमेची अवनत अवस्था आहे असे कोणी वैयाकरण म्हणाला नाही. मोंतेस्क्यूचा रोमनांची थोरवी आणि 'देकादांस' यांच्या कारणांवरील ग्रंथ १७३४ साली निघाला, आणि त्याच वर्षी लंडनला झालेल्या भाषांतरात या शब्दासाठी 'डिक्लेन्शन' हा शब्द घातला गेला, जो इंग्रजीत नामाची रूपे चालवण्यालाही लावतात. गिबनने १७७६ ते १७८८ या काळात सहा खंडांत रोमचा इतिहास लिहिला, तेव्हा त्याने शीर्षकात दोन शब्द योजले: एक हळूहळू चालणाऱ्या उताराचा, दुसरा अखेरच्या कोसळण्याचा. प्रक्रिया आणि घटना यांची ही फारकत इतिहासकाराची आहे. 'डेकेडन्स' हा एकच शब्द ती फारकत करू देत नाही.

साहित्यसमीक्षेत या शब्दाला धार आली ती फ्रान्समध्ये. देझिरे निझार याने १८३४ साली ऱ्हासकालीन लॅटिन कवींवर ग्रंथ लिहिला. विषय ल्यूकन आणि त्याचे समकालीन. रोख मात्र व्हिक्टर ह्यूगोच्या पिढीवर. वर्णनाचा अतिरेक, तपशिलाचा हव्यास, पांडित्याचे प्रदर्शन ही जी लक्षणे त्याने रोमन कवींत दाखवली, तीच वाचकाने आपल्या काळात ओळखावीत ही अपेक्षा होती. म्हणजे जन्मतःच ही संज्ञा रूपकात्मक आहे. तिचा वापर करणारा स्वतःच्या काळाकडे बोट दाखवतो आणि नाव रोमचे घेतो. तीन-चार दशकांत हत्यार उलटले. गोतिएने १८६८ साली बोदलेरच्या काव्यसंग्रहाला जोडलेल्या प्रस्तावनेत या शैलीचा गौरव केला. भाषा पिकून गेल्यावर जे सांगणे शक्य होते ते तिच्या बाल्यात शक्य नसते, असा त्याचा सूर होता. १८८३ साली व्हेर्लेनने हे नाव मिरवले, १८८४ साली यूइस्मान्सच्या कादंबरीने त्याला नायक दिला, आणि १८८६ साली ते चक्क एका नियतकालिकाचे शीर्षक झाले. शिवीचे बिरुद होण्याचा हा प्रवास आहे. दलित साहित्याच्या चळवळीने नाकारलेपणाचीच नावे कशी आपलीशी केली, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला तो अपरिचित वाटू नये; दोन्हीकडची सामाजिक भूमी मात्र सर्वस्वी वेगळी आहे, हेही विसरू नये.

या साऱ्या गलबल्यात एकच व्याख्या अशी झाली की जी तपासून पाहता येते. ती पॉल बुर्जेची. बोदलेरवरील १८८१च्या निबंधात, जो १८८३ साली पुस्तकरूपाने आला, बुर्जेने समाजाची तुलना जिवंत देहाशी केली. देहातील पेशी स्वतंत्र झाल्या, समग्रतेच्या कामी आपली शक्ती लावीनाशा झाल्या, की देहाची घडी विस्कटते. तोच नियम भाषेच्या देहाला लागू आहे. ज्या शैलीत ग्रंथाची एकता मोडून पृष्ठ स्वायत्त होते, पृष्ठाची मोडून वाक्य, आणि वाक्याची मोडून शब्द, ती ऱ्हासाची शैली. या व्याख्येचा लाभ असा की ती रोमपासून, वेश्यागृहांपासून, अफूपासून मोकळी आहे. तीत कवीच्या चारित्र्याचा संबंध नाही. पुढ्यातील रचना उघडावी आणि भाग व समग्र यांचे नाते पाहावे, एवढेच ती मागते. नीत्शेने १८८८ साली वाग्नरवरील पुस्तिकेत हीच व्याख्या बुर्जेचे नाव न घेता उचलली आणि संगीताला लावली. शिवाय स्वतःही आपण याच रोगाचे अपत्य असल्याचे मान्य केले. हा प्रांजळपणा नंतरच्या वापरकर्त्यांत क्वचितच आढळतो.

तरीही बुर्जेच्या व्याख्येत एक गृहीत दडलेले आहे: साहित्यकृती ही देहासारखी असते, आणि असली पाहिजे. ज्या परंपरेत मुक्तक हेच काव्याचे नैसर्गिक एकक आहे, जेथे सुभाषित, ओवी, अभंग यांना स्वतःपलीकडच्या समग्रतेची गरजच नाही, तेथे ही कसोटी जशीच्या तशी नेता येत नाही. एक स्वयंपूर्ण आर्या म्हणजे विघटनाचे लक्षण नव्हे. विघटन तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा रचना स्वतःच समग्रतेचे वचन देते आणि पाळत नाही.

इंग्रजीत या संज्ञेचे आयुष्य अल्प आणि नाट्यमय झाले. आर्थर सिमन्सने १८९३ साली एका अमेरिकन मासिकात या चळवळीवर लेख लिहून अतिजागृत आत्मभान, अस्वस्थ कुतूहल, सूक्ष्मतेचा अतिरेक ही लक्षणे गौरवाने सांगितली. १८९५ साली ऑस्कर वाइल्डला शिक्षा झाली आणि वारे फिरले. त्याच वर्षी माक्स नोर्दाऊचा अवनतीवरील ग्रंथ इंग्रजीत आला. त्यात टॉलस्टॉय, इब्सेन, वाग्नर हे सारे एका दवाखान्यात दाटीवाटीने भरती झालेले दिसतात. सिमन्सने आपला लेख वाढवून १८९९ सालचे पुस्तक केले, तेव्हा शीर्षकातून 'डेकेडन्स' गेला आणि 'प्रतीकवाद' आला. कवी बहुतांशी तेच होते. बदलले होते नाव. एखादी संज्ञा वस्तूला किती सैल चिकटलेली असते याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागणार नाही. नोर्दाऊच्या संज्ञेचे पुढे जे झाले ते अधिक भयंकर आहे. हा ज्यू लेखक पुढे झायनवादी चळवळीच्या संस्थापकांत गणला गेला. आणि त्याने प्रचारात आणलेला शब्द नाझींनी १९३७ साली म्यूनिकमध्ये 'अवनत कले'चे प्रदर्शन भरवताना आधुनिक चित्रकारांवर डकवला. डाव्या बाजूलाही या आरोपाची परंपरा आहेच. लुकाचने १९३८ साली बूर्झ्वा विचारव्यूहाच्या ऱ्हासाची मांडणी केली. पुढे समाजवादी देशांतील अधिकृत समीक्षेने काफ्काला वर्षानुवर्षे याच कारणाने बाहेर ठेवले आणि १९६३ साली झेकोस्लोव्हाकियातील लिब्लिसे येथे भरलेल्या परिषदेत त्यावर उघड वाद झाला. परस्परांचे हाडवैरी एकच शब्द वापरतात, तेव्हा तो शब्द वस्तूविषयी कमी आणि वापरणाऱ्याविषयी अधिक सांगत असतो. आता इंग्रजी जाहिरातींत चॉकलेटच्या केकला तो विशेषण म्हणून लागतो. तेथे तो केवळ चविष्ट अपराधाचा वाचक आहे.

रिचर्ड गिलमनने १९७९ साली या विशेषणाच्या चमत्कारिक चरित्रावर पुस्तक लिहून निष्कर्ष काढला की या शब्दामागे वस्तूच नाही, म्हणून तो टाकून द्यावा. निदान समजण्यासारखे असले तरी उपाय घाईचा आहे. कारण क्षयाविषयीची काही विधाने खरोखरच तपासता येतात. रोमचेच उदाहरण घ्यावे. आलोइस रीगलने १९०१ साली उत्तर रोमन कलावस्तूंचा अभ्यास करून दाखवले की ज्याला अधोगती म्हटले जाते ती निराळ्या कलासंकल्पाची अभिव्यक्ती आहे. पीटर ब्राउनच्या १९७१च्या पुस्तकानंतर 'उत्तर-प्राचीन काळ' असे तटस्थ नाव रूढ झाले आणि ऱ्हासाची भाषा जवळजवळ असभ्य ठरली. मग २००५ साली ब्रायन वॉर्ड-पर्किन्सने प्रश्न पुन्हा उभा केला; पण तो काव्यावरून किंवा नीतीवरून नव्हे, तर मातीची भांडी, छपरावरची कौले, चलनातील नाणी आणि गुरांच्या हाडांवरून कळणारा त्यांचा आकार यांवरून. चांगली भाजलेली भांडी सामान्य घरांतून नाहीशी झाली, कौलांच्या जागी गवत आले, गाई लहान झाल्या. या निष्कर्षाशी कोणी असहमत होऊ शकतो. पण असहमतीसाठी त्याला दुसरी भांडी आणावी लागतील. रीगल आणि वॉर्ड-पर्किन्स परस्परांचे खंडन करतात असे वरवर वाटते. वस्तुतः ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. गाई लहान होत असताना त्याच प्रदेशात श्रेष्ठ कुट्टिमचित्रे घडू शकतात.

येथे मराठी शब्दाकडे वळले की एक आश्चर्य समोर येते. 'ऱ्हास' हा संस्कृत 'ह्रास'. धातू 'ह्रस्', अर्थ आखूड होणे, कमी होणे. 'ह्रस्व' त्याच धातूचा. म्हणजे मुळात हा शब्द पडण्याचा नाही, मापाचा आहे. ऱ्हास म्हणजे आधीच्या मापाहून कमी भरणे. त्यात दोष नाही, पाप नाही. ह्रस्व स्वर हा काही दीर्घ स्वराचा भ्रष्ट अवतार नव्हे. आज वृत्तपत्रांत हा शब्द सर्वाधिक आढळतो तो पर्यावरणाच्या संदर्भात, आणि तेथे तो आपल्या धातूशी प्रामाणिक आहे: किती जंगल होते, किती उरले, भूजल किती खाली गेले. 'अधःपतन' या शब्दाचे तसे नाही. त्यात उंची गृहीत आहे आणि पडणाऱ्याचा दोषही. 'डेकेडन्स'चे भाषांतर 'ऱ्हास' असे करताना मराठी समीक्षेने शब्द मापाचा घेतला आणि अर्थ अधःपतनाचा भरला. म्हणूनच मोजणी न करताच मोजल्याचा भास निर्माण होतो.

हळूहळू होणाऱ्या क्षयासाठी मराठीत इतर शब्द थोडे नाहीत, आणि त्यांच्या छटा या संज्ञेहून अधिक शहाण्या आहेत. घराण्याला 'उतरती कळा' लागते. ही कळा चंद्राची आहे, आणि वद्य पक्षामागून शुद्ध पक्ष येतो हे बोलणाऱ्याच्या मनात कुठेतरी असतेच. 'झीज' वापराने होते. उंबरठा झिजतो तो माणसे आली-गेली म्हणून. चंदनासारखे झिजणे हा तर गौरव. 'कुजणे', 'सडणे' यांत दुर्गंध आहे, 'जीर्ण' या शब्दात आदरही असू शकतो. यास्काच्या निरुक्तात वार्ष्यायणीच्या नावावर सांगितलेल्या सहा भावविकारांत अपक्षय हा पाचवा आहे, वाढीनंतरचा आणि विनाशापूर्वीचा. जे जे आहे त्या प्रत्येकाच्या असण्याचाच तो एक प्रकार. एखाद्या काव्यप्रकाराची ही अवस्था दाखवायची असेल, तर त्याची वाढ कोणती आणि केव्हा हेही दाखवावे लागते. मराठीतील ऱ्हासविषयक लेखनात बहुधा हीच कडी गळालेली असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण उत्तर पेशवाईचे. सर्वसाधारण मांडणी अशी: दुसऱ्या बाजीरावाच्या काळात राज्य पोखरले गेले, पुण्यात विलास वाढला, आणि होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांची शृंगारिक लावणी ही त्या ऱ्हासाची वाङ्मयीन खूण होय. १८१८ हे साल या मांडणीत निकालपत्रासारखे उभे असते. राजकीय सत्तेचा संकोच झाला यात वाद नाही. तो मुलुखात, महसुलात, फौजेत मोजता येतो. पण लावणीविषयी जे म्हटले जाते ते कोणत्या मापाने? बुर्जेची कसोटी लावून पाहावी. लावणीत कडवी सुटी होऊ पाहतात हे खरे. पण धृपद त्यांना दर वेळी परत आणते, ढोलकीची लय त्यांना बांधते, आणि बोलणारी स्त्री व तिचा श्रोता यांचा प्रसंग अखेरपर्यंत सुटत नाही. शब्द समग्रतेपासून फुटून निघालेला दिसत नाही. म. वा. धोंड यांनी लावणीला नीतीच्या खटल्यातून सोडवून रचनाप्रकार म्हणून वाचले, ते या दृष्टीने मोलाचे आहे.

शब्दाची स्वायत्तता पाहायची असेल तर ती मोरोपंतांत पाहावी. शंभराहून अधिक रामायणे, त्यांत ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायण, ठरावीक अक्षरे ठरावीक स्थळी गुंफणाऱ्या रचना, यमकांची अखंड साखळी. येथे रामकथा हे समग्र आहे, तिचे वचन कवीनेच दिलेले आहे, आणि पुष्कळदा अक्षर त्या कथेवर राज्य करते. बुर्जेने वर्णिलेली शैली मराठीत शोधायची तर तिचा पहिला मानकरी बारामतीचा हा सत्त्वशील पुराणिक ठरेल. मोरोपंतांचा काळ १७२९ ते १७९४. त्यांच्या भर उमेदीत, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. राज्य चढतीवर असताना शैली विघटनाकडे जाते, राज्य उतरणीला लागले असताना शैली सावयव राहते. दोन घड्याळे एक वेळ दाखवत नाहीत. तरी मोरोपंतांच्या वाट्याला आला तो 'कृत्रिम' हा सौम्य शब्द, आणि 'ऱ्हास' गेला लावणीकडे. कारण उघड आहे. विषय एकाचा राम, दुसरीचा देह. एकाचा श्रोतृवर्ग पुराण ऐकणारा. दुसरीचा फड, आणि त्या फडावर नाचणाऱ्या स्त्रियांची जात. 'ऱ्हास' या तटस्थ दिसणाऱ्या शब्दाने ही निवड झाकली गेली, एवढेच नव्हे तर ती इतिहासाने केल्यासारखी भासवली गेली. आणखी एक विसंगती येथे नोंदवण्याजोगी आहे. पेशवाई बुडाल्याचे दुःख ज्या पोवाड्यांतून उमटले, ते रचणाऱ्यांत हेच शाहीर होते.

विसाव्या शतकात हाच व्यवहार नवकाव्याच्या बाबतीत पुन्हा झाला. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली आला. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि कवी निर्दोष सुटला. न्यायालयाबाहेर मात्र विकृती, वैफल्य, दुर्बोधता हे शब्द दीर्घकाळ चालू राहिले, आणि त्यांच्या पाठीशी युद्धोत्तर पश्चिमेतील ऱ्हासाची आयात झाली असा युक्तिवाद होता. या कवितेत शब्द मोडतात, इंग्रजी तुकडे घुसतात, संतांची लय यंत्राच्या खडखडाटात अडकते. बुर्जेने ज्याला विघटन म्हटले असते ते सारे येथे आहे. पण हाच कवी सौंदर्यशास्त्रात संवाद, विरोध आणि समतोल या लयींवर सारे मूल्यमापन उभे करतो, म्हणजे भागांचे समग्राशी असलेले नाते हीच त्याचीही कसोटी. पिपातील उंदरांच्या कवितेत तुटलेपण आहे ते जगाचे. रचना मात्र कमालीची आवळलेली. वर्ण्य विषयाचा क्षय आणि रचनेचा क्षय यांत भेद न करणारी समीक्षा या कवितेपुढे निरुत्तर झाली यात नवल नाही.

तेव्हा 'डेकेडन्स' ही युरोपीय चळवळीची संज्ञा देवनागरीत तशीच ठेवणे बरे. बुर्जेप्रणीत शैलीविशेषासाठी 'विघटन' हा शब्द पुरेसा आहे, आणि तोही रचनेने समग्रतेचे वचन दिले असेल तेथेच. 'ऱ्हास' हा शब्द मापाला परत द्यावा. त्या अर्थी उत्तर पेशवाईनंतरच्या शाहिरीचा ऱ्हास झाला असे म्हणता येईलही. पण मग आश्रयदाते किती उरले, फड कुठे गेले, बिदागी काय राहिली, रचनांची बाडे कोणाच्या घरी जपली गेली आणि कोणाच्या घरी जळणात गेली, हे आधी पाहावे लागेल. ती बाडे, दप्तरे आणि जमाखर्च यांवरचे काम साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर बव्हंशी इतिहासकारांवर सोपवले आहे.